लायसॉलची बाटली : अमेरिकेतील ‘स्त्री-स्वच्छते’च्या बाजाराचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील विवाहित स्त्रियांनी गर्भधारणा टाळण्यासाठी जे उपाय केले, त्यांत औषधी पाण्याने योनीमार्ग धुण्याची रीत, म्हणजे योनिधावन किंवा तिकडे रूढ असलेला ‘डूश’, फार वरच्या स्थानी होती, आणि १९४० च्या सुमारास या कामासाठी जे द्रव्य सर्रास वापरले जाई ते फरशा, मोऱ्या आणि रुग्णालयातील हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी निघालेले लायसॉल होते. ही बाटली घरोघरीच्या न्हाणीघरात कशी पोहोचली, तिच्यामुळे होणारी आग आणि खाज इतकी वर्षे स्त्रीच्या शरीराच्याच खात्यावर कशी मांडली गेली, आणि गर्भनिरोधनाचे मूळ कारण संपल्यावरही धुण्याची सवय मागे का उरली, हे प्रश्न वरवर वैद्यकाचे वाटले तरी त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी कायद्याच्या आणि जाहिरातीच्या इतिहासात आहेत.

ही रीत लायसॉलपेक्षा बरीच जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टर चार्ल्स नोल्टन यांनी १८३२ मध्ये ‘फ्रूट्स ऑफ फिलॉसॉफी’ ही पुस्तिका काढली आणि समागमानंतर पिचकारीने तुरटी, जस्ताचे सल्फेट, व्हिनेगर अशा द्रव्यांचे पाणी आत सोडावे असा सल्ला दिला. या लेखनाबद्दल त्यांना तीन महिने सक्तमजुरी भोगावी लागली. याच पुस्तिकेच्या पुनर्मुद्रणावरून १८७७ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला चालला, आणि पुढे भारतात येऊन होमरूलच्या चळवळीत नाव मिळवणाऱ्या बेझंटबाईंची सार्वजनिक ओळख इंग्लंडात पहिल्यांदा दूरवर पोहोचली ती बऱ्याच अंशी या खटल्यामुळेच. तुरटीसारखी द्रव्ये स्तंभक असतात, म्हणजे ती ऊती आकसवतात आणि तिथला ओलावा कमी करतात. सौम्य प्रमाणात त्यांनी फारसे बिघडत नसे, पण रोजच्या वापराने कोरडेपणा आणि जळजळ होणे अपरिहार्य होते. गर्भ टाळण्याच्या दृष्टीनेही हा उपाय लंगडाच होता, कारण शुक्रजंतू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरतात आणि त्यानंतर बाहेरचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही तो टिकला, कारण तो स्वस्त होता, स्त्रीच्या एकटीच्या हातात होता आणि त्यासाठी कोणाकडे काही मागावे लागत नसे.

या खाजगी रीतीचा सार्वजनिक बाजार होण्यास कारणीभूत ठरला तो ३ मार्च १८७३ चा कॉमस्टॉक कायदा. अश्लीलतेला आळा घालण्याच्या नावाखाली झालेल्या या कायद्याने गर्भनिरोधक साधने आणि त्यांविषयीची माहिती टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले, आणि त्यामुळे ज्या वस्तूला प्रचंड मागणी होती ती वस्तू तिच्या खऱ्या नावाने विकणे अशक्य झाले. मागणी मात्र कायद्याने हटली नाही. विक्रेत्यांनी मग त्याच पिचकाऱ्या, गोळ्या आणि चूर्णे आरोग्याच्या व स्वच्छतेच्या नावाखाली विकायला काढली, आणि १९२० च्या दशकात जाहिरातदारांनी या साऱ्या मालाला ‘स्त्री-स्वच्छता’ असे सभ्य, गुळगुळीत आणि न्यायालयात कुठेच न अडकणारे नाव दिले. विकणाऱ्याला आणि घेणारीला आतला अर्थ ठाऊक होता. कायद्याला तो वाचता येत नव्हता, आणि हा माल सुरक्षित व परिणामकारक आहे की नाही हे तपासण्याचा अधिकारही त्यामुळे कोणाकडे उरला नव्हता, ही या व्यवहाराची सर्वांत महाग पडलेली बाजू होय.

लायसॉलचा जन्म निराळ्या संदर्भात झाला. जोसेफ लिस्टर यांनी १८६० च्या दशकात कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करून शस्त्रक्रियेचे रूप पालटले होते, आणि त्यानंतर दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या तत्सम द्रव्यांवर युरोपात बरेच प्रयोग झाले. जर्मनीत गुस्टाव्ह राउपेनश्ट्राउख यांनी १८८९ मध्ये क्रेसॉल हे असेच एक डांबरजन्य द्रव्य साबणात मिसळून पाण्यात सहज विरघळणारे जंतुनाशक तयार केले, ते लायसॉल. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ येऊन आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्या साथीत लायसॉल वापरले गेले आणि त्याचा बोलबाला झाला.

त्याच १८९२ साली त्याच देशातील लाइपझिग येथे आल्बर्ट ड्योडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञाने योनिस्रावावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी स्त्रीच्या योनीत काडीच्या आकाराचे जिवाणू वस्तीला असतात, ते लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा आणणारे आम्ल, तयार करतात आणि त्या आम्लामुळे पू निर्माण करणारे जंतू तिथे वाढू शकत नाहीत, असे त्याने दाखवून दिले. पुढे या आंबटपणाचे मापही घेतले गेले: द्रवाची आम्लता मोजण्याच्या ‘सामू’ या एककात, जिथे सात हा आकडा ना आम्ल ना अल्क अशी स्थिती दाखवतो, निरोगी योनीचा सामू प्रजननक्षम वयात साधारण ३.८ ते ४.५ इतका असतो. अर्थात हा अवयव आपली राखण आपणच करतो, आणि त्याची राखण करणारे जिवाणूच असल्यामुळे जंतुनाशकाने तो ‘शुद्ध’ करणे म्हणजे पहारेकऱ्यांना हाकलून वाडा सुरक्षित केल्याची ग्वाही देणे होय. एकाच वर्षी एकाच भाषेत पुढे आलेल्या या दोन गोष्टींपैकी पहिली अटलांटिक ओलांडून दुकानांत पोहोचली आणि दुसरी पुढची कित्येक दशके वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पडून राहिली. याचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधण्यापेक्षा, न धुण्याच्या सल्ल्यातून कोणालाच काही विकता येत नाही या साध्या गोष्टीत शोधावे हे अधिक बरे.

अमेरिकेत लायसॉलची विक्री लेन अँड फिंक ही कंपनी करीत असे. प्रसूतीच्या वेळी आणि गर्भाशय धुण्यासाठी डॉक्टर ते वापरत, आणि त्याचे धोकेही त्यांना लवकरच कळले होते: १९११ पर्यंत वैद्यकीय नोंदींत लायसॉलच्या विषबाधेची १९३ प्रकरणे आणि गर्भाशय धुताना झालेले पाच मृत्यू जमा होते. जुन्या लायसॉलमध्ये क्रेसॉलचे प्रमाण जवळजवळ निम्मे असे, आणि क्रेसॉल हे दाहक द्रव्य असल्याने ते पुरेसे पातळ केले नाही तर त्वचा पोळते, आणि शरीरात शोषले गेल्यास मूत्रपिंडांना व यकृताला इजा होते. संततिनियमनाच्या चळवळीनेही या बाटलीला आरंभी हातभार लावला होता, हे इथे नमूद केले पाहिजे. मार्गारेट सँगर यांच्या १९१४ च्या ‘फॅमिली लिमिटेशन’ या पत्रकात डूशच्या द्रव्यांमध्ये लायसॉलचाही समावेश होता. गरीब कामगार स्त्रीला कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळेल तेच सांगण्यावाचून त्या वेळी गत्यंतर नव्हते. पुढे सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयाचे मुख झाकणाऱ्या रबरी टोपीला, म्हणजे डायफ्रॅमला, पसंती दिली, पण ती टोपी मापाप्रमाणे बसवून घ्यावी लागे, त्यासाठी डॉक्टर लागे आणि डॉक्टरला पैसे लागत. मंदीच्या काळात हे तिन्ही बहुसंख्य स्त्रियांच्या आवाक्याबाहेर होते.

ती पोकळी बाजाराने भरून काढली. ‘फॉर्च्यून’ मासिकाने १९३८ मध्ये गर्भनिरोधनाचा धंदा वर्षाला २५ कोटी डॉलरांच्या वर गेल्याचे सांगितले, आणि त्यातला मोठा वाटा पुरुषांच्या साधनांचा नसून ‘स्त्री-स्वच्छते’च्या मालाचा होता. महिलांच्या मासिकांतील लायसॉलच्या जाहिराती आज वाचताना त्यांतला क्रूरपणा अंगावर येतो. बंद दाराशी उभी असलेली पत्नी, पाठ फिरवून निघालेला नवरा, एकेकाळी सुखी असलेल्या संसारात शिरलेला अबोला अशी चित्रे काढून त्याखाली लिहिलेले असे, की दोष पतीचा नव्हे, पत्नीने एका ‘जिव्हाळ्याच्या’ बाबतीत केलेल्या हयगयीचा आहे. गर्भधारणेचे नाव कुठेही नसे. पण ‘काळजी’, ‘भीती’ आणि वैवाहिक सुख या शब्दांच्या आडून ते सुचवले जाई, आणि वरच्या थरात दुर्गंधीची लाज पेरली जाई. एकाच जाहिरातीत दोन भयांना हात घालण्याची ही युक्ती व्यापाराच्या दृष्टीने अचूक होती, कारण ज्या स्त्रीला गर्भाची चिंता नव्हती तिलाही आता आपल्या अंगाला वास येत असेल ही शंका दिली जात होती.

१९३० च्या दशकात या जाहिरातींत युरोपातील नामवंत स्त्री-डॉक्टरांच्या मुलाखती झळकू लागल्या, ज्यांत त्या लायसॉलची निःसंकोच शिफारस करीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने चौकशी केली तेव्हा यांतल्या तज्ज्ञांचे अस्तित्वच संशयास्पद ठरले. दारोदार फिरून असाच माल विकणाऱ्या बायकांना परिचारिकेचा पोशाख चढवण्याची पद्धतही त्याच काळातली. दरम्यान न्यूअर्क शहरातील एका मातृ-आरोग्य केंद्राने १९३३ मध्ये लायसॉलचा डूश घेणाऱ्या ५०७ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी २५० जणींना दिवस गेल्याचे आढळले. जो उपाय निम्म्या जणींच्या बाबतीत फसतो त्याविरुद्ध कोणी दाद का मागितली नाही, याचे उत्तर पुन्हा नावातच होते, कारण बाटलीवर गर्भनिरोधनाचा दावा छापलेलाच नव्हता. १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाने डॉक्टरांना गर्भनिरोधक साधने मागवण्याची मुभा दिली आणि पुढच्या वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने संततिनियमनाला मान्यता दिली, परंतु हे दोन्ही निर्णय डॉक्टरांपुरते होते आणि दुकानातून थेट बाटली घेणाऱ्या स्त्रीचे त्यांनी काही बदलले नाही.

लायसॉल हे या बाजारातले सर्वांत ठळक नाव असले तरी एकटे नव्हते. पहिल्या महायुद्धात रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण, म्हणजे कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचचेच पातळ रूप, वापरले होते. त्याच जातीचे द्रावण युद्धानंतर ‘झोनाइट’ या नावाने स्त्रियांना विकले गेले, आणि रणांगणावरची कीर्ती न्हाणीघरात वापरून घेतली गेली. टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथील मॅसेंगिल कंपनीचे डूशचे चूर्णही बरीच वर्षे बाजारात होते. याच कंपनीने १९३७ मध्ये सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकल्याने शंभराहून अधिक रुग्ण, त्यांत अनेक मुले, दगावले, आणि त्या संतापातून १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा झाला. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची अट या कायद्याने घातली, पण सौंदर्यप्रसाधनांना ती लागू केली नाही; आणि योनीजवळ वापरायच्या मालाचा मोठा भाग पुढे सौंदर्यप्रसाधन या सैल खात्यातच राहिला.

या वस्तूंनी शरीराचे नेमके काय होई, ते समजण्यासाठी त्वचारोगशास्त्रातील एक भेद लक्षात घ्यावा लागतो. एखाद्या द्रव्याने त्वचा थेट दुखावून आग, लाली आणि सालटे निघणे याला क्षोभजन्य त्वचादाह म्हणतात. तो कोणालाही होऊ शकतो आणि द्रव्य जितके तीव्र किंवा त्याचा वापर जितका वारंवार, तितका तो वाढतो. याउलट एखाद्या द्रव्याची शरीराला आधी ओळख होऊन मग त्याच्या अत्यल्प अंशानेही खाज, सूज आणि पुरळ उठणे हा ॲलर्जीजन्य त्वचादाह होय; तो मोजक्यांनाच होतो, पण एकदा जडला की सहसा आयुष्यभर राहतो. दुसऱ्या प्रकाराचे निदान करण्याची रीत, म्हणजे संशयित द्रव्य पट्टीखाली पाठीवर लावून दोन-तीन दिवसांनी त्वचा तपासण्याची ‘पॅच चाचणी’, योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली होती. योनीबाहेरच्या ओठांची त्वचा हातापायांच्या त्वचेपेक्षा द्रव्ये कितीतरी अधिक शोषून घेते, ती सदैव झाकलेली, दमट आणि घर्षणात असते, आणि आतला भाग तर श्लेष्मल आवरणाचा. त्यामुळे दोन्ही प्रकारचे दाह तिथे लवकर आणि तीव्रपणे होतात.

या त्रासाचे एक चक्र ठरून गेले होते. जंतुनाशकाने राखणदार जिवाणू मारले जात, आम्लता कमी होई, एरवी थोडेच असलेले इतर जंतू माजत, पांढरे पाणी जाऊ लागे व त्याला वास येई, आणि त्या वासावर उपाय म्हणून पुन्हा तीच बाटली हाती घेतली जाई. ह्यूस्टनचे हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये या वासाच्या आणि स्रावाच्या विकारामागील एका जिवाणूचे वर्णन केले, ज्याला आज गार्डनर यांचेच नाव आहे, आणि पुढे हा विकार ‘जिवाणूजन्य योनिविकार’ म्हणून स्थिर झाला. धुण्याने तो बरा होत नाही, उलट धुणाऱ्या स्त्रियांत तो अधिक आढळतो; १९९० नंतरच्या अभ्यासांत डूशचा संबंध गर्भाशय आणि बीजवाहिन्या यांच्या दाहाशीही दिसून आला. लज्जेमुळे मात्र बहुतेकींनी आपल्या तक्रारीचे मूळ त्या बाटलीत शोधले नाही, आणि शोधले असते तरी जाहिरातीने त्यांना आधीच सांगून ठेवले होते की सौम्य, सुरक्षित आणि कोमल अवयवांना अपाय न करणारे असे दुसरे काहीच नाही.

लायसॉलच्या जाहिराती जोरात होत्या त्याच काळात महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि १९३५ च्या डिसेंबरात सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींशी याच विषयावर बोलल्या. कर्व्यांवर खटले झाले, त्यांना नोकरीही सोडावी लागली, पण त्यांनी विषयाचे नाव झाकले नाही. अमेरिकेतील बाजाराशी तुलना करता हा फरक लहान वाटत नाही.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात लायसॉलमधील क्रेसॉल काढून त्याजागी कमी दाहक द्रव्य घालण्यात आले. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली आणि १९६५ मध्ये ग्रिसवोल्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधनाचा हक्क मान्य केला. ज्या गोष्टीसाठी डूशची आड घेतली जात होती ती आता उघडपणे मिळू लागल्यावर हा बाजार आटायला हवा होता, पण घडले ते उलटच, कारण चार दशके वरचे पांघरूण म्हणून वापरलेली दुर्गंधीची भीती आता स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. १९६६ मध्ये ‘एफडीएस’ हा गुप्तांगासाठीचा सुगंधी फवारा आला, त्याच्यापाठोपाठ डझनावारी नकला आल्या, आणि १९७० च्या दशकात एकदा वापरून फेकण्याचे डूशही दुकानांत मांडले गेले. नोरा एफ्रन यांनी १९७३ मध्ये ‘एस्क्वायर’मध्ये या फवाऱ्यांच्या धंद्यावर लिहिलेला लेख, नसलेली गरज कशी निर्माण केली जाते याचा आजही वाचावा असा दस्तऐवज आहे.

फवाऱ्यांच्या बाबतीत तक्रारी लवकर आल्या. पुरळ, सूज, आग आणि कधी कधी बाटली फार जवळ धरल्याने थंड वायूमुळे झालेली इजा अशा नोंदी अन्न व औषध प्रशासनाकडे जमू लागल्या. यांतल्या काही फवाऱ्यांत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक होते; फ्रान्समध्ये १९७२ मध्ये तेच द्रव्य चुकून फार मोठ्या प्रमाणात पडलेल्या बाळ-पावडरीने ३६ अर्भके दगावली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने त्याच्या वापरावर कडक बंधने घातली. १९७५ च्या नियमाने या फवाऱ्यांवर सूचना छापणे सक्तीचे केले: केवळ बाहेरून वापरावा, त्वचेपासून किमान आठ इंच दूर धरावा, खाजणाऱ्या वा सोललेल्या जागी मारू नये, आणि वास किंवा स्राव टिकून राहिल्यास डॉक्टरकडे जावे. या मालावर ‘स्वच्छता’ हा शब्द वा त्या अर्थाचा कुठलाही दावा छापण्यासही त्याच नियमाने मनाई केली. पन्नास वर्षे ज्या शब्दावर हा धंदा उभा होता तो शब्द या एका मालापुरता बेकायदा ठरला; डूशच्या बाटल्यांना मात्र हा नियम लागू नव्हता.

डूशची सवय समाजात सारखी पसरलेली नव्हती. १९९५ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४४ वयोगटातील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ५५ टक्के, स्पॅनिशभाषक वंशाच्या ३३ टक्के आणि गोऱ्या २१ टक्के स्त्रिया नियमित डूश घेत असल्याचे दिसले. काळ्या माणसाच्या शरीराला वास येतो हा गुलामगिरीच्या काळापासूनचा अपमान आणि त्याला उत्तर म्हणून आईकडून मुलीकडे आलेली काटेकोर स्वच्छता यांची या आकड्यांवर छाया आहे, आणि जाहिरातदारांनी कृष्णवर्णीयांच्या मासिकांत जागा विकत घेऊन तिचा लाभ उठवला.

अलीकडे द्रव्ये बदलली आहेत, पण तक्रारी तशाच आहेत. गुप्तांगाच्या ओल्या पुसण्या, सुगंधी पॅड, खाज शमवणारी मलमे यांत सुगंधी द्रव्ये, टिकाऊपणासाठी घातलेली रसायने आणि बेन्झोकेनसारखी बधिर करणारी औषधे असतात, आणि यांतली प्रत्येक गोष्ट पॅच चाचणीत ॲलर्जीचे कारण म्हणून पुन्हा पुन्हा समोर आली आहे. ओल्या पुसण्यांत सर्रास असलेल्या मेथिलआयसोथायझोलिनोन या टिकाऊकारी द्रव्याला अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ चे ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ घोषित केले. खाजेवरचे मलमच खाजेचे कारण असण्याची शक्यता त्यामुळे डॉक्टरांना आधी पडताळावी लागते, आणि सुगंधी साबणासकट सारे काही थांबवून नुसत्या पाण्याने बाहेरचा भाग धुणे हा अनेकदा उपचाराचा पहिला टप्पा असतो.

ड्योडरलाइनच्या शोधाला बाजारात स्थान मिळाले ते अलीकडच्या याच काळात, आणि तेही उलट्या बाजूने. योनीचा सामू राखतात असा दावा करणारे, लॅक्टिक आम्ल घातलेले ‘इंटिमेट वॉश’ आता अमेरिकेत आणि भारतातही औषधाच्या दुकानात मिळतात. २०१२ मध्ये भारतीय दूरचित्रवाणीवर अशाच एका वॉशने गुप्तांगाचा वर्ण उजळण्याचे आश्वासन दिले तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. जिवाणू जे आम्ल फुकट तयार करतात तेच बाटलीत भरून, बहुधा सुगंधासह, विकण्याचा हा व्यवहार आहे.

घटक जाहीर करण्याच्या बाबतीत कायदा उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी हलला. अमेरिकी कायद्यानुसार सुगंधातील शेकडो द्रव्यांऐवजी लेबलवर केवळ ‘सुगंध’ असे लिहिले तरी चालत असे, कारण ते धंद्याचे गुपित मानले जाई. युरोपीय संघाने २००३ मध्ये २६ सुगंधी ॲलर्जीकारकांची नावे लेबलवर देणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये पाळीच्या वस्तूंमधील घटक वेष्टनावर छापण्याचे कायदे केले, आणि २०२२ च्या अखेरीस झालेल्या संघीय कायद्याने सौंदर्यप्रसाधनांतील सुगंधी ॲलर्जीकारकांची नावे देण्यासाठी नियम करण्याचे काम अन्न व औषध प्रशासनावर सोपवले.